मोकळी लेकरं, ताराबाई आणि आपलं ले-आउट

अकोल्यात पारा ४४ च्या वर गेला की दोनच जाहिराती दिसतात, कूलरच्या आणि उन्हाळी शिबिरांच्या. सकाळी अबॅकस, मग डान्स, संध्याकाळी हस्ताक्षर सुधार. लेकरू तासभर रिकामं बसलेलं दिसलं की मायबापालाच धडकी भरते. तास उरलाच तर हातात मोबाईल.

मुलांना त्यांचं त्यांना खेळू द्यावं, हे खूळ परदेशातून आलं असं बऱ्याच जणांना वाटते. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडलं, हे खरंच आहे. पण मंडळी, महाराष्ट्रात या विचारासाठी आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या अमरावतीत राहत होत्या. नवरा इथे वकील. संसार टिकला नाही. बाई राजकोटला नोकरीला गेल्या, तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे. १९२६ मध्ये या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ काढला. मूल स्वतः वस्तू निवडेल, चुकेल, पुन्हा करेल. मोठ्यांनी मध्ये हात घालायचा नाही. पाटी, छडी आणि पाढे यापलीकडे शाळा माहीत नसलेल्या काळातली ही गोष्ट आहे.

दादरला १९३६ मध्ये शिशुविहार निघालं ते शहरी मुलांसाठी. खरी परीक्षा १९४५ मध्ये बोर्डीला झाली. अनुताई वाघ सोबत होत्या. वस्तीवरची मुलं शाळेत येईनात, कारण ती रिकामी नव्हतीच. कोणी गुरं राखायला, कोणी कडेवर धाकटं भावंडं घेऊन. मग ताराबाईंनी शाळाच उचलून अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं, खडे. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कापूस वेचणारी माय लेकराला धुऱ्यावर बसवते, ती मजबुरी आहे. त्याला मोकळा खेळ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. मोकळीक देण्यासाठीही आधी कोणीतरी पोटाची, सावलीची आणि जागेची सोय करावी लागते.

आता आपल्या अभिमानाची गोष्ट. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डी दाखवली. छाती फुगावी असंच काम. पण हुतूतू काही कोण्या मास्तराने शिकवला नव्हता. तो गल्लीत, वावरात पोरांनीच पिढ्यान्पिढ्या घडवला, भांडत भांडत. मोठ्यांनी नंतर मैदानाची मापं ठरवली, गुण ठरवले. ‘कच्चा लिंबू’ मात्र नियमांच्या पुस्तकात आला नाही. सगळ्यात लहान पोराला खेळात घ्यायचं, पण बाद धरायचं नाही! हा कायदा कोण्या विधानसभेत झाला नाही, लेकरांनी केला. आणि तो करायला त्यांना रिकामी दुपार लागत होती, शिट्टी घेतलेला सर लागत नव्हता.

कागदावर आज सगळं आहे. बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलांना विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क देते. भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान सांगितलं आहे. मोठं ले-आउट पाडताना साधारण १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. प्रत्यक्षात त्या जागेवर कुठे सभामंडप उभा राहते, कुठे कुंपण आणि कुलूप, कुठे शेजारच्याची कार. आणि पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळली की काचेसाठी ओरडणारे आपणच.

आपल्या ले-आउटचा मंजूर नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात मिळतो. खुली जागा त्यात कुठे दाखवली आहे आणि आज तिथे काय आहे, एवढं तरी या उन्हाळ्यात जाऊन बघा. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे, तेही विचारा.