दिवाणखान्यातला संगणक

जिन्यातल्या दिव्याला दोन बटणे असतात, एक खालच्या पायरीपाशी आणि एक वरच्या. दोन्ही एकाच बाजूला असली की दिवा बंद, एक इकडे आणि एक तिकडे असले की चालू. (वायरमनने उलट जोडले तर उलट, पण मुद्दा तोच.) बटणाची एक बाजू शून्य आणि दुसरी एक मानली, तर हा दिवा द्विमान पद्धतीने बेरीज करतोय. 0 आणि 0 ची 0, 0 आणि 1 ची 1, 1 आणि 1 ची पुन्हा 0, हातचा एक. हातच्यासाठी दुसरा दिवा लावायचा, दोन्ही बटणे दाबली तरच पेटणारा. झाले बेरजेचे यंत्र.

बोटाऐवजी वीजच बटण दाबू लागली की त्याला रिले म्हणतात. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून प्रवाह गेला की चुंबक तयार होतो, लोखंडी पट्टी ओढली जाते, टक् असा आवाज होतो आणि दुसऱ्या परिपथातली वीज चालू किंवा बंद होते. एका रिलेने दुसऱ्याला हुकूम द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असे हजारो रिले रात्रंदिवस टकटकत असत.

न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेतला गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ याने नोव्हेंबर 1937 मध्ये असे दोन रिले घरी नेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याने एका फळीवर ते बसवले, टॉर्चचे छोटे बल्ब आणि बॅटरी जोडली, आणि तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापून त्याची बटणे केली. यंत्र एक-एक अंकाची बेरीज करू लागले. बायकोने त्याला 'मॉडेल के' असे नाव दिले, के म्हणजे किचन. त्याच साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की जॉर्ज बूलचे तर्कशास्त्र रिलेच्या परिपथांत तंतोतंत उतरवता येते. फळीवरच्या खेळाला शास्त्राचा पाया मिळाला.

संगणकाचा इतिहास निघाला की आपल्याकडे लगेच अल-ख्वारिझ्मीचे नाव निघते. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला हे खरेच, आणि नवव्या शतकातल्या बगदादमधले त्याचे काम मोठेच आहे. पण पूर्वजांच्या नावाने छाती फुगवण्यात आपला जितका वेळ जातो, तितक्यात मुलांकडून दोन रिलेंची बेरीज जोडून होईल.

स्टिबिट्झच्याही आधी बर्लिनमध्ये एका तरुण इंजिनियरने हा उद्योग आई-वडिलांच्या दिवाणखान्यात मांडला होता. कोनराड झूझ त्याचे नाव. विमान कारखान्यातली नोकरी सोडून 1936 मध्ये तो घरी बसला. नोकरीतल्या त्याच त्या आकडेमोडीचा त्याला कंटाळा आला होता. पहिले यंत्र कापलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचे होते, ते सारखे अडकायचे. मग तो टेलिफोनच्या रिलेंकडे वळला. मे 1941 मध्ये त्याने झेड-3 चालवून दाखवला, आज्ञावलीनुसार आपोआप चालणारा पहिला संगणक. त्यात सुमारे 2,600 रिले होते आणि आज्ञा 35 मिमीच्या सिनेमाच्या फिल्मवर भोके पाडून दिल्या जात. त्याच्या स्मृतीत 64 संख्या मावत, प्रत्येक 22 द्विमान अंकांची. एका अंकाला एक रिले धरला तर नुसते लक्षात ठेवायलाच 1,408 रिले लागले. घरी रिले-संगणक बांधणारा प्रत्येक जण आजही इथेच अडतो. गणित थोड्या रिलेत होते, स्मृती घर भरून टाकते.

पण झूझची गोष्ट शाळेत सांगताना बहुधा एक पान गाळले जाते. झेड-3 ला पैसा जर्मन विमान संशोधन संस्थेचा होता, आणि काळ हिटलरचा. झूझने पुढे आणखी एक खास रिले-यंत्र बांधले. हेन्शेल कारखान्यात बनणाऱ्या उडत्या बॉम्बच्या पंखांच्या दुरुस्तीचे हिशेब ते करायचे. घरच्या छंदात शिकलेली विद्या बॉम्ब नेमका पडावा म्हणून कामाला आली. झेड-3 स्वतः डिसेंबर 1943 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत नष्ट झाला. म्युनिकच्या संग्रहालयात आहे ती नंतर केलेली प्रतिकृती. तो काळच तसा होता, असे म्हणून हे पान उलटता येते. मला ते पटत नाही, कारण त्याच विद्येचा दुसरा माणूसही होता.

अमेरिकेतला एडमंड बर्कली विमा कंपनीत हिशेबतज्ज्ञ होता. युद्धात नौदलात असताना त्याने हार्वर्डच्या प्रचंड रिले-संगणकाचे काम जवळून पाहिले. युद्धानंतर तो अणुयुद्ध टाळण्याच्या प्रयत्नांत उतरला. कंपनीने सांगितले, फावल्या वेळेतही हे करायचे नाही. त्याने 1948 मध्ये नोकरी सोडली. मग त्याने 'सायमन' नावाचा छोटा रिले-संगणक तयार केला, 129 रिलेंचा, सुमारे 600 डॉलर खर्चाचा. त्याला फक्त 0 ते 3 एवढेच आकडे समजत! तरी ऑक्टोबर 1950 पासून 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात त्याने 13 लेखांमधून तो कसा बांधायचा ते वाचकांना शिकवले. ज्या यंत्राला तेव्हा लोक 'महाकाय मेंदू' म्हणून घाबरत, ते उघडे करून त्याने टेबलावर ठेवले. शिकवणे यालाच म्हणतात असे मला वाटते. 1972 मध्ये संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या रौप्यमहोत्सवी मेजवानीत, जी संघटना स्थापन करण्यात त्याचाही हात होता, त्याने शस्त्रांसाठी काम करणाऱ्या सहकाऱ्यांना तोंडावर सुनावले.

रिले-संगणक बांधणारे छांदिष्ट आजही आहेत. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक हॅरी पोर्टर यांनी 415 रिलेंचा आठ-बिटी संगणक बांधला आणि तो काचेच्या दारांच्या लाकडी कपाटांत बसवला. प्रत्येक आज्ञेला रिलेंची टकटक ऐकू येते, दिवे लुकलुकतात, आकडा कुठून कुठे गेला ते डोळ्यांनी दिसते. स्मृतीसाठी मात्र त्यांनी आजची चिप वापरली. ती रिलेंची करायची तर कपाटे ठेवायला दुसरे घर घ्यावे लागले असते.