गिऱ्हाइकाचा कान, विक्रेतीचा आवाज

रेडिओ लावून स्वयंपाक करणाऱ्या आपल्या आया-आज्यांना साबणाच्या, चहाच्या, दंतमंजनाच्या जाहिराती तोंडपाठ असत. पण त्या जाहिरातींत त्यांची जागा एकच होती, गिऱ्हाइकाची. विकणारा कोणी दुसराच असे. ही जागा हळूहळू कशी बदलली, ते आज आपण पाहू.

स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं आकाशवाणीवर जाहिरातीला मज्जाव होता. म्हणून आपल्या इथल्या कंपन्यांनी समुद्रापलीकडचं रेडिओ सिलोन गाठलं. १९५२ साली तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रमाच्या नावातच टूथपेस्ट! अमीन सायानींचा आवाज मुंबईत मुद्रित व्हायचा, फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून तो दर बुधवारी आपल्या घरात यायचा.

आकाशवाणीनं १९५७ साली विविध भारती सुरू केली. १ नोव्हेंबर १९६७पासून तिच्यावर जाहिराती लागल्या, त्याही सर्वांत आधी आपल्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. २००१पासून खासगी एफएम वाहिन्या आल्या. शहरातल्या दुकानदाराला रेडिओ मिळाला; गावातली पापड लाटणारी बाई मात्र ऐकणारीच राहिली.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. २००६च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यातलीच. या धोरणात जाहिरातीला तासाला पाच मिनिटं दिली, आणि जाहिरात स्थानिक धंद्याची, सेवेची, कार्यक्रमाची किंवा नोकरीची असावी असं ठरवलं. पुढे मर्यादा वाढत गेली; २०२४मध्ये ती बारा मिनिटं झाली.

या केंद्राचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच पोचतो. मोठ्या कंपनीला हे थोडं वाटेल, पण शिवणकाम करणाऱ्या, शेवया विकणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक तेवढ्याच टापूत असतं. ऐकणारी संध्याकाळी दारात येऊन उभी राहू शकते. जाहिरातही आपल्याच बोलीत, आपल्याच आवाजात करता येते. माल वाईट निघाला तर बाजारच्या दिवशी तोंड दाखवावं लागतं, म्हणून खोटं बोलणंही अवघड!

आलेला पैसा वीजबिल, यंत्रांची दुरुस्ती, काम करणाऱ्या मुलींचं मानधन अशा केंद्राच्या खर्चाला लागतो. अनुदान कायमचं नसतं. म्हणून जाहिरात हवीच. पण एकाच बड्या व्यापाऱ्यावर केंद्र चालू लागलं, तर उद्या त्याच्या बियाण्याची तक्रार आपण कोणत्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा वीस बचत गटांच्या वीस छोट्या जाहिराती बऱ्या.

बारा मिनिटं धंद्याची, अठ्ठेचाळीस मिनिटं आपल्या बोलण्याची. हा हिशोब सांभाळणं आपल्याच हाती आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत गटानं एवढंच ठरवावं: आपल्या मालाबद्दल माइकसमोर कोण बोलणार?