सरसकट तपासणी गेली, निवडक राहिली

युरोपात सीमा उरल्याच नाहीत, असं कौतुकानं सांगितलं जातं. 14 जून 1985 रोजी लक्झेम्बर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला. 26 मार्च 1995 पासून त्याचा अंमल सुरू झाला आणि सदस्य देशांमधल्या नाक्यांवरची सरसकट तपासणी टप्प्याटप्प्यानं बंद झाली. सरसकट गेली. निवडक राहिली. मग निवडणारा काय पाहून निवडतो?

फ्रान्सच्या कायद्यात सीमेपासून 20 किलोमीटरच्या पट्ट्यात पोलीस कोणाचीही ओळखपत्रं मागू शकत. वागण्यात संशयास्पद काही नसलं तरी. तिथे अडवलेल्या दोन अल्जेरियन नागरिकांचं प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं. तपासणी किती आणि किती वेळा करायची याला मर्यादा नसेल तर असा कायदा चालणार नाही, असं न्यायालयानं 22 जून 2010 ला सांगितलं. नेदरलँड्सनं मर्यादा घातली: एका रस्त्यावर दिवसाला 6 तास, महिन्याला 90 तास. 2012 मध्ये तीच पद्धत या न्यायालयानं मान्य केली. तास मोजले गेले. थांबवलेल्या माणसाचा रंग कोणत्या रकान्यात लिहायचा?

हा प्रश्न मपान्झू बामेंगा यांनी विचारला. जन्म काँगोतला, नागरिकत्व डच, आइंधोव्हेनचे नगरसेवक. 2018 मध्ये रोमहून परतताना आपल्याच शहराच्या विमानतळावर मारेशोसे या लष्करी पोलीसदलानं त्यांना बाजूला काढलं. लोकप्रतिनिधीची ही गत, तर सफाई कामगाराचं काय होत असेल?

ते आणि अॅम्नेस्टीसह काही संघटना सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. सरकारचा बचाव नीट वाचा, कारण त्यात शिवीगाळ नाही, द्वेष नाही: वंश हा इतर निकषांबरोबरचा फक्त एक निकष आहे. सप्टेंबर 2021 मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयानं हे उचलून धरलं. दिसण्यावरून राष्ट्रीयत्वाचा अंदाज येऊ शकतो म्हणे! म्हणजे काळा माणूस डच असणं हा अपवाद, आणि त्या अपवादाचा पुरावा त्यानं खिशात बाळगायचा. कायद्याच्या स्वच्छ भाषेत भेदभाव असा बसतो.

14 फेब्रुवारी 2023 ला हेगच्या अपील न्यायालयानं हा निकाल फिरवला. या तपासण्यांत कोणाला थांबवायचं हे ठरवताना वंशाचा निकष वापरायचा नाही, इतर निकषांच्या जोडीलाही नाही. त्याच वर्षाअखेरीस बामेंगा डच संसदेत पोहोचले.

सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीनं आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी आणली, डिसेंबरात नेदरलँड्सनंही. कारण दिलं स्थलांतर रोखण्याचं. डच बाजूला रस्त्याकडेला उभं आहे तेच मारेशोसे. सगळ्या गाड्या थांबवणं शक्य नाही, म्हणून आजही काहीच गाड्या बाजूला घेतल्या जातात.