हुंडी, हवाला आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा : एक ऐतिहासिक विवेचन

एका गावचा पैसा दुसऱ्या गावी न नेता तेथे उपलब्ध करून देणे, हे हुंडीचे मूळ प्रयोजन. पेशवाईत राज्यकारभाराचा पैसाही सावकारांच्या हुंड्यांवर फिरत असे व त्याबद्दल पेढी हुंडणावळ घेई. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतील संलेखांच्या स्थानिक रूढीला हात लावला नाही. पेढीची पत हाच या व्यवहाराचा पाया होता आणि वासाहतिक शासनाने तो मान्य केला होता.

या पद्धतीच्या सीमापार रूपाकडे, म्हणजे हवाल्याकडे, गुन्हा म्हणून पाहिले जाऊ लागले ते परकीय चलनाच्या टंचाईमुळे. महायुद्धकाळातील चलननिर्बंध १९४७ च्या परकीय चलन नियमन कायद्याने पुढे चालू ठेवले. १९५६ मध्ये पुढील सक्तवसुली संचालनालयाचे बीजरूप असलेला कक्ष दिल्लीत स्थापन झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या दोन शाखांपैकी एक मुंबईत होती. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याने हे निर्बंध अधिक कठोर केले. तथापि निर्बंध जितके कठोर, तितका अधिकृत व बाजारातील दरांमधील फरक मोठा आणि तितकाच हवाला किफायतशीर. आखातात राबणाऱ्या कोकणी माणसाने दुबईत दिरहम भरावेत आणि रत्नागिरीकडील त्याच्या घरी रुपये पोचावेत, यात सीमेपलीकडून नोट येत नव्हती. दोन्हीकडील हिशेब मिटविण्याचे एक साधन म्हणजे तस्करीचे सोने. त्या सोन्याची ओढ वाढविण्यास सुवर्ण नियंत्रणाचे सरकारी धोरणच कारणीभूत होते, हे विसरता येत नाही.

शासनाच्या लेखी हे सारे चलनचुकवेगिरीचेच प्रकरण होते. मार्च १९९१ मध्ये हिज्बुल मुजाहिदीनच्या एका संशयितास दिल्लीत अटक झाली. त्याच्या चौकशीतून पडलेल्या छाप्यांत केंद्रीय अन्वेषण विभागाच्या हाती डायऱ्या लागल्या आणि त्यांत राजकीय नेत्यांना दिलेल्या रकमांच्या कथित नोंदी आढळल्या. न्यायालयात त्या नोंदी आरोप सिद्ध करण्यास अपुऱ्या ठरल्या. परंतु दहशतवाद्याचा पैसा आणि राजकारणाचा पैसा एकाच वाटेने जातो, हा संशय देशासमोर प्रथमच उघडपणे आला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. त्यासाठीची शस्त्रे व स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी व शेखाडी येथे, तस्करांच्या रुळलेल्या मार्गानेच उतरली होती.

एवढे होऊनही कायद्याची गती संथच राहिली. मनी लाँडरिंग प्रतिबंधक विधेयक १९९८ मध्ये लोकसभेत आले, त्यास जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ते अमलात आले १ जुलै २००५ रोजी. दरम्यान १ जून २००० पासून ‘फेरा’ची जागा ‘फेमा’ने घेतली व चलनविषयक उल्लंघन फौजदारी गुन्हा न राहता दंडाचा विषय झाले. उदारीकरणाच्या दृष्टीने ते योग्यच होते; पण जुने कुंपण आधी निघाले आणि नवे पाच वर्षांनी आले.

नव्या कायद्याची रचनाही मुळात वेगळ्या प्रश्नासाठी होती. १९८८ च्या व्हिएन्ना करारामागे अमली पदार्थांच्या व्यापाराची चिंता होती. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स’चा आरंभही त्याच चिंतेतून झाला. म्हणून मनी लाँडरिंगचा कायदा विचारतो, पैसा कोठून आला? दहशतवादासाठीचा पैसा मात्र पगाराचा वा देणगीचा, म्हणजे उगमाशी स्वच्छही असू शकतो. तेथे प्रश्न असतो तो पैसा कोठे जातो हा. सप्टेंबर २००१ नंतर त्या संस्थेने या विषयावर स्वतंत्र शिफारशी केल्या. भारतात २००४ मध्ये बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) कायद्यात दहशतवादासंबंधीच्या तरतुदी आल्या आणि २००९ च्या दुरुस्तीने त्यांतील गुन्हे मनी लाँडरिंग कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट झाले. त्याच दुरुस्तीने चलन बदलून देणारे व्यावसायिक आणि कॅसिनोही कायद्याच्या कक्षेत आले. गोव्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची होती. २०१० मध्ये भारत त्या संस्थेचा सदस्य झाला.

परंतु असामान्य गुन्ह्यांसाठी समर्थनीय मानलेली साधने हळूहळू सामान्य गुन्ह्यांनाही लागू झाली. आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण असल्याची न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज जामीन नाही, ही कलम ४५ मधील अट सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरविली. संसदेने २०१८ मध्ये दुरुस्ती करून ती पुनरुज्जीवित केली आणि २७ जुलै २०२२ च्या निकालाने तिला वैधता मिळाली. मूळ अनुसूचित गुन्ह्यातूनच आरोपी निर्दोष सुटला, तर त्याच्यावरील मनी लाँडरिंगचा आरोप टिकत नाही, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले.