उठतां येणारी घेरी

सेवाग्राम हें गांव वर्ध्यापासून अवघ्या पांच मैलांवर आहे. त्याचें नांव निघालें म्हणजे चरखा, सायंप्रार्थना आणि मातीच्या भिंतींची ती साधी कुटी या गोष्टी सर्वांना आठवतात. परंतु रक्ताचा दाब मोजण्याच्या यंत्राचाहि त्या गांवाच्या इतिहासाशीं निकट संबंध आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १९३५ च्या डिसेंबरांत महात्मा गांधी वर्ध्यास असतां अतिश्रमानें त्यांची प्रकृति एकाएकीं ढासळली व रक्तदाब फार वाढल्याचें आढळून आलें. डॉक्टरांनीं सक्तीची विश्रांति सांगितली. पुढें ३० एप्रिल १९३६ रोजीं ते शेगांवीं राहावयास गेले. याच शेगांवाचें १९४० मध्यें सेवाग्राम असें नामांतर झालें. त्या काळांत त्यांचा रक्तदाब ही जणूं साऱ्या देशाच्या चिंतेची बाब होऊन बसली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१९ मध्यें त्यांच्या प्रकृतीचीं जीं कागदपत्रें प्रसिद्ध केलीं, त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ या दिवशीं १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० या दिवशीं २२०/११० असा दाब नोंदलेला आहे.

या आंकड्यांनीं एका पिढीच्या मनावर एक गोष्ट पक्की ठसविली. रक्तदाब म्हणजे वाढणारा शत्रु. त्यास खालीं आणला कीं रोगी सुखरूप! आज वर्धा जिल्ह्यांतील लहानशा खेड्यांतहि “बी. पी. आहे” असें कोणी म्हणालें, तर तो वाढलेलाच असणार हें ऐकणारा गृहीत धरतो. परंतु कांहीं माणसांचा दाब बसल्या जागीं ठीक असतो, निजल्यावर वाढतो, आणि उठून उभें राहतांच दोन-तीन मिनिटांत धाडदिशी खालीं येतो. विशेषतः ज्यांचे मज्जातंतु हळूहळू झिजत चालले आहेत, अशा कंपवाताच्या आणि तत्सम व्याधींच्या वृद्ध रोग्यांत हें वारंवार दिसतें. त्या घसरणीचा शोध वैद्यकाला कसा लागला आणि तो लागण्यास इतका उशीर कां झाला, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

मनुष्य उभा राहिला कीं पृथ्वीच्या ओढीनें अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटांत आणि पायांत उतरतें. हृदयाकडे परतणारें रक्त तितकें कमी होतें, आणि मेंदूला मिळणारा पुरवठा तुटण्याची वेळ येते. तसें होऊं नये म्हणून मानेंतील व छातींतील मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाबाची खबर ठेवणारे पहारेकरी निसर्गानें बसविले आहेत. त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशीं पोंचतो. तेथून आज्ञा सुटते. मज्जातंतूंच्या टोकांशीं नॉरअॅड्रिनॅलिन नांवाचें द्रव्य स्रवतें. रक्तवाहिन्या आवळतात आणि नाडी जलद होते. हा सारा व्यवहार कांहीं क्षणांत उरकतो, म्हणून निरोगी माणसाला त्याची वार्ताहि नसते. आज्ञा वाहून नेणारे हे तंतूच झिजले, तर मात्र रक्त खालीं उतरतें आणि तेथेंच राहतें. डोळ्यांपुढें अंधारी येते, मान व खांदे यांत जड ठणका लागतो, पाय लटपटतात आणि माणूस कोसळतो.

दाब मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग इंग्लंडांत स्टीफन हेल्स या पाद्र्यानें केला. त्याचा वृत्तांत १७३३ मध्यें छापला गेला. त्यानें एका घोडीला जमिनीवर निजवून बांधलें, तिच्या मांडीच्या धमनींत पितळेची नळी घातली व तिला कांचेची उंच नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलें. घोडी निजलेली होती, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. माणसाचा दाब धमनी न कापतां मोजणारी पट्टी इटलींतील रिव्हा-रोच्ची यानें १८९६ मध्यें सिद्ध केली, आणि १९०५ मध्यें रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यानें त्या पट्टीखालीं नळी लावून ध्वनि ऐकण्याची रीत सांगितली. आजहि दवाखान्यांत दंडाला पट्टी बांधून हीच रीत चालते. त्या पट्टीबरोबर एक संवयहि आली: रोग्यास खुर्चीवर बसवावें किंवा खाटेवर निजवावें, दाब एकदां घ्यावा आणि तो आंकडा कागदावर मांडावा. उभ्या माणसाचा दाब कोण घेणार?

तो घेण्याची बुद्धि अमेरिकेंतील ब्रॅडबरी व एगल्स्टन या दोन डॉक्टरांना झाली. १९२५ मध्यें त्यांनीं तीन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हे रोगी उभे राहिले कीं त्यांचा दाब उतरे, भोंवळ येऊन ते पडत, आणि तरीहि त्यांची नाडी जलद होत नसे. त्यांना घाम येत नसे. उन्हाळ्यांत त्यांचे हाल विशेष होत. ज्या वर्ध्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन बसतो, तेथील वाचकाला या शेवटच्या लक्षणाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. उन्हानें रक्तवाहिन्या सैल होतात, शरीरांतील पाणी आटतें, आणि आधींच दुर्बळ असलेली यंत्रणा पार थकते.

या घेरीचा कंपवाताशीं संबंध जोडण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं. आपल्या वैद्यकांत कंप हें लक्षण जुनें आहे. ‘माधवनिदान’ ग्रंथांत वेपथु या नांवानें त्याचा निर्देश आहे. पश्चिमेकडे जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरानें १८१७ मध्यें सहा माणसांवरून या व्याधीचें वर्णन लिहिलें. त्यांतील कांहींना तर त्यानें केवळ रस्त्यांतून जातांना पाहिलें होतें! हाताचा कंप, पुढें वांकलेलें शरीर, धांवल्यासारखी चाल, मलावरोध, हें सर्व त्याच्या तीक्ष्ण नजरेनें टिपलें. दाब मोजण्याचें साधनच त्या काळीं नव्हतें, तेव्हां तेवढें राहून गेलें यांत त्याचा दोष नाहीं. १९१२ मध्यें फ्रिट्झ लेवी यानें अशा रोग्यांच्या मेंदूंतील पेशींत सूक्ष्म गोळे पाहिले. १९६० मध्यें शाय आणि ड्रेगर यांनीं उभें राहतांच दाब उतरणें आणि मज्जासंस्थेचा क्षय यांची सांगड घातलेला एक स्वतंत्र विकार वर्णिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस असेंहि दिसून आलें कीं, कंपवाताच्या पुष्कळ रोग्यांत खुद्द हृदयाकडे जाणारे तंतूच नष्ट झालेले असतात. आज असें मानतात कीं कंपवाताच्या सुमारें एक तृतीयांश रोग्यांना ही घसरण होते; लेवीचे गोळे ज्यांत सांपडतात त्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांतहि ती आढळते.

या इतिहासांतील सर्वांत चमत्कारिक प्रकरण मात्र आपल्याच देशांतील दोन वनस्पतींचें आहे. सर्पगंधेचें मूळ आपल्याकडे पूर्वीपासून वेडावर आणि निद्रानाशावर देत असत. त्या मुळानें वाढलेला रक्तदाब उतरतो, हें मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ मध्यें एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत आपल्या रोग्यांच्या आधारें मांडलें, आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचें लक्ष त्या मुळाकडे वळलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांतील रसायनज्ञांनीं त्यांतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. वाढलेल्या दाबावर तें जगभर खपूं लागलें. पण थोड्याच काळांत असें दिसूं लागलें कीं कांहीं रोग्यांना तें घेतल्यानें खिन्नता येते, कांहींचे हात कांपूं लागतात, चाल जड होते आणि उठतांना त्यांना घेरी येते. औषधानें कंपवाताची हुबेहूब नक्कल वठविली होती! स्वीडनमधील आर्विड कार्लसन यानें १९५७ मध्यें रिसर्पिन टोंचून निश्चल झालेल्या सशांना डोपा नांवाचें द्रव्य दिलें, तेव्हां ते पुन्हां हिंडूं-फिरूं लागले. मेंदूंत डोपामिनची उणीव पडली कीं शरीराची हालचाल खुंटते, हें या मार्गानें उमगलें. कार्लसनला त्याबद्दल २००० मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

आणि हें डोपा कोठें सांपडतें? खाजकुइलीच्या बियांत. जिच्या शेंगांची लव अंगाला लागतांच जिवाचा संताप होतो, आणि जिचीं बीजें वैद्य कपिकच्छू म्हणून शक्तिवर्धक पाकांत घालीत आले, तीच ही वेल. त्या बियांत लेव्होडोपा आहे, हें मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ मध्येंच दाखविलें होतें. म्हणजे ज्या वर्षीं गांधीजींचा दाब १९४ नोंदला गेला, त्याच वर्षीं. कंपवातावर त्या द्रव्याचा उपयोग व्हिएन्नांत १९६१ मध्यें दाखविला गेला, आणि १९६७ मध्यें अमेरिकेंत कोट्झियस यानें तें भरपूर मात्रेनें देण्याची रीत बसविली. खाटेला खिळलेलीं माणसें चालूं लागलीं.

परंतु येथें पुन्हां तीच घेरी आडवी आली. लेव्होडोपानें हातपाय मोकळे होतात खरे, तथापि उभें राहतांना होणारी दाबाची घसरण त्यानें कित्येकदां वाढते. ज्याला आतां उठतां येतें, तोच उठल्यावर पडतो. बियांचें चूर्ण आपल्या मनानें घेणाऱ्यानेंहि हें ओळखून असावें. चूर्णांतहि द्रव्य तेंच असतें, आणि त्याचें प्रमाण मात्र बीं पाहून कळत नाहीं.

आर्वीकडील किंवा हिंगणघाटकडील एखादा सत्तरीचा शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. हात कांपतात, म्हणून त्याला कंपवाताची गोळी चालू आहे. तपासणीच्या वेळीं तो खाटेवर निजला असतां दाब १७० भरतो. या व्याधींत असें घडतें, कारण झिजलेल्या तंतूंना दाब वर उचलतां येत नाहीं तसा आवरतांहि येत नाहीं. तेवढ्या एका आंकड्यावरून त्याला दाब उतरविणारी गोळीहि मिळते. दुसऱ्या दिवशीं पहाटे तो उठतो, ओसरीवर दोन पावलें टाकतो आणि खुब्याचें हाड मोडून घेतो. घरचीं माणसें म्हणतात, म्हातारपणचा अशक्तपणा. वास्तविक दोष वयाचा नव्हता. उभ्याचा दाब कोणी पाहिलाच नव्हता. दुसरी गोळी वाईट होती असेंहि म्हणतां येत नाहीं, कारण चढलेल्या दाबानेंहि मेंदूंत रक्तस्राव होतो. असा रोगी सांभाळणें ही डॉक्टरची खरोखर कसोटी असते, आणि घरच्यांनीं मध्येंच मनानें एखादी गोळी बंद करणें हा तितकाच मोठा धोका होय.

१९९६ मध्यें तज्ज्ञांनीं या घसरणीची व्याख्या ठरविली. उभें राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आंत वरचा आंकडा २० नें किंवा खालचा १० नें उतरला, तर ती खरी. ती पाहण्यास नवें यंत्र लागत नाहीं. रोग्यास पांच मिनिटें निजवावें, दाब घ्यावा. उभें करावें, पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हां घ्यावा. सेवाग्रामांत कस्तुरबा रुग्णालय आहे आणि १९६९ पासून तेथें वैद्यकीय महाविद्यालयहि आहे, पण ही परीक्षा खेड्यांतील आरोग्यसेविकेलाहि करतां येईल. लागतो तो थोडा वेळ, आणि गर्दीच्या दवाखान्यांत नेमका तोच मिळत नाहीं.

उपायांत औषधें आहेत. जपानांत १९८९ पासून या घसरणीवर एक खास औषध वापरांत आहे. तथापि डॉक्टर पहिल्यानें सांगतात त्या गोष्टी अगदीं घरगुती आहेत. उठण्यापूर्वीं तांब्याभर पाणी झपाट्यानें प्यावें. त्यानें तासभर तरी दाब सांवरतो. पोटभर जेवून लगेच उठूं नये. स्नान बसून करावें आणि पाणी फार कढत घेऊं नये. उभें राहिल्यावर अंधारी वाटली तर पाय एकमेकांवर घट्ट आवळावे किंवा तत्काळ खालीं बसावें. मीठ वाढवावें कीं नाहीं, हें ज्याचा त्याचा डॉक्टर ठरवील, कारण निजल्यावर चढणारा दाब तेथें आड येतो.

त्या चढणाऱ्या दाबावरहि एक तोड आहे. १९४० मध्यें मॅकलीन आणि अॅलन या दोन अमेरिकन डॉक्टरांनीं अशा रोग्यांना डोक्याची बाजू उंच केलेल्या खाटेवर निजविण्याची रीत सांगितली. त्यानें रात्रीं निजल्यावरचा दाब बेताचा राहतो, लघवीवाटे पाणी व क्षार कमी जातात, आणि सकाळीं उठतांना घसरण सौम्य होते. उशा वाढवून हें साधत नाहीं, कारण त्यानें नुसती मान वांकते. सबंध अंग डोक्याकडे चढतें असावें लागतें. वर्ध्याकडील घरांत बाज असतेच. तिच्या डोक्याकडील दोन पायांखालीं विटा ठेवल्या कीं काम होतें. मात्र त्या डगमगतां कामा नयेत.