देशाचे नाव आणि त्याची विभक्ती

व्याकरणाचे नाव काढले की घरातली मुले चकलीची ताटली उचलून पसार होतात, म्हणून मी नकाशापासूनच आरंभ करतो. युरोपीय रशियाच्या ईशान्येला, उरल पर्वताच्या अलीकडे, कोमी लोकांचा प्रदेश आहे. त्यांची भाषा रशियनची बहीण नव्हे. ती फिनिश आणि हंगेरियन यांच्या कुळातली. चौदाव्या शतकात स्तेफान नावाच्या धर्मोपदेशकाने तिच्यासाठी निराळी लिपीही रचली होती.

देशाला नाव देण्याची कोमींची जुनी रीत अगदी शेतकऱ्याची. लोकांचे नाव घ्यावे आणि पुढे ‘मु’, म्हणजे भूमी, हा शब्द ठेवावा. स्वतःचा तो ‘कोमी मु’, रशियनांचा तो ‘रोच मु’. या ‘रोच’पाशी मी नेहमी रेंगाळतो. त्याचे फिनिश भावंड ‘रुओत्सी’, आणि त्याचा अर्थ चक्क स्वीडन! स्लावांच्या तोंडी तेच ‘रुस’ झाले आणि त्यावरून रशिया. स्वीडनकडून नद्यांवाटे आलेल्या वल्हेकऱ्यांचे हे मूळचे नाव असावे, असे बहुतेक पंडित मानतात. वल्हेकरी मिसळून गेले, नाव मात्र ज्याला जो परका दिसला त्याला चिकटले. आपल्याकडे तरी दुसरे काय झाले? फ्रँक लोकांचे नाव फारसीतून ‘फिरंगी’ होऊन आले आणि बखरींत पोर्तुगीजांना बसले!

आता विभक्ती. कोमीत त्या पंधराहून अधिक आहेत. लिंगाची कटकट मात्र नाही. ‘मुइन’ म्हणजे भूमीत, ‘मुओ’ म्हणजे भूमीत आत जाताना, ‘मुइस’ भूमीतून, ‘मुस्यान’ भूमीपासून, ‘मुलान’ भूमीच्या दिशेने. (हे उच्चार आपल्या लिपीत जेमतेमच उतरतात.) ‘कोमी मुइन’ म्हणताना प्रत्यय ‘मु’लाच लागतो, ‘कोमी’ तसाच राहतो. रशियनमधून आलेली ‘रोस्सिया’सारखी आयती नावेही या पंगतीत बसली की इथलेच प्रत्यय घेतात: ‘रोस्सियाइन’, रशियात.

राजधानीचे रशियन नाव उस्त-सिसोल्स्क. १९३० मध्ये ते जाऊन सिक्तिव्कार आले. ‘कार’ म्हणजे शहर आणि सिक्तिव् हे सिसोला नदीचे कोमी नाव. १९९२ च्या कायद्याने कोमी भाषा रशियनच्या जोडीने राजभाषा झाली. परंतु २००२ च्या रशियन जनगणनेत स्वतःला कोमी म्हणवणारे सुमारे २ लाख ९३ हजार होते, ते २०२१ मध्ये सुमारे १ लाख ४४ हजार उरले. ‘मुइस’ आणि ‘मुस्यान’ यांतला फरक घरात बोलता बोलता शिकणारी मुले त्याहूनही थोडी.