हांडी खोहचा कडा : शोध कोणाचा?

विदर्भातील शाळांच्या सहली पचमढीला जातात तेव्हा हांडी खोहच्या कठड्यापाशी थांबतातच. समोर सुमारे 300 फूट सरळ तुटलेला वालुकाश्माचा कडा आणि तळाशी दाट झाडी. वाटाड्या येथे दोन गोष्टी सांगतो. महादेवाने एका नागाला या दरीत कोंडले, येथले तळे आटले आणि हंडीच्या आकाराची दरी उरली, ही पहिली. कॅप्टन फोर्सिथने पचमढीचा 'शोध' लावला, ही दुसरी. पहिली दंतकथा आहे हे मुले ओळखतात. दुसरी मात्र इतिहास म्हणून वहीत उतरते. ती तपासून पाहू.

नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत 1861 साली स्थापन झाला. नव्या सरकारला जंगलांची नीट माहिती हवी होती. जेम्स फोर्सिथ (1838-1871) या तरुण अधिकाऱ्याने 1862 ते 1864 या काळात प्रांत पालथा घातला आणि पचमढीत 'बायसन लॉज' हे घर बांधले. त्याने जेथून हे पठार पाहिले असे सांगतात, तो फोर्सिथ पॉइंट आज प्रियदर्शिनी पॉइंट म्हणून ओळखला जातो. पुढे पचमढी हे प्रांतिक सरकारचे उन्हाळी ठाणे झाले. फोर्सिथचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तक 1871 साली प्रसिद्ध झाले. त्यातच येथल्या कोरकू लोकांचे आणि महादेवाच्या यात्रेचे वर्णन आहे. म्हणजे जागा अज्ञात नव्हती, हे 'शोधकर्ता'च सांगतो. समोरच्या चौरागडावर त्रिशूळ वाहायला आणि नागपंचमीला नागद्वारीला जाणाऱ्यांत आजही वैदर्भीय भाविक मोठ्या संख्येने असतात.

विज्ञानही फोर्सिथच्या आधीच येथे पोचले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जोसेफ मेडलिकॉट यांचा नर्मदा खोऱ्यावरील वृत्तान्त 1860 साली छापला गेला. त्यात या डोंगरांतील वालुकाश्मांना 'महादेव' हेच नाव आहे. यात्रेकरूंचे दैवत असे खडकांच्या नामावळीत आले.

पण हा कडा किती जुना? कठड्यावरून ते कळत नाही. पचमढीच्या वालुकाश्मात जीवाश्म जवळजवळ नाहीतच. तेव्हा त्याच्या खालच्या थरांकडे वळावे लागते, आणि ती वाट आपल्याला नागपूरला परत आणते. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी 1845 पासून नागपुरात होते. कामठी, सिलेवाडा येथील खडकांतून त्यांनी वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेला त्यांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात 1855 साली आला. या जीवाश्मांत ग्लॉसोप्टेरिसची जिभेच्या आकाराची पाने होती.

अशीच पाने पचमढीच्या खडकाखालील बिजोरी थरांत मिळतात. थर उलटेपालटे झाले नसतील तर वरचा थर खालच्यापेक्षा नंतरचा. खालचे थर पर्मियन काळातले, म्हणून वरचा वालुकाश्म त्यानंतरच्या ट्रायासिक काळातला, सुमारे 24-25 कोटी वर्षांपूर्वीचा. नद्यांनी आणून टाकलेली ही वाळू आणि गोटे. पुढे ओढ्यांनी खडकातील भेगा रुंदावत तोच कापून काढला. दंतकथेतले पाणी वैज्ञानिक कथेतही आहे, फक्त ते वाहते आहे.

जोसेफ यांचे बंधू हेन्री मेडलिकॉट यांनी 1872 साली या साऱ्या थरमालिकेला गोंड राज्यांवरून 'गोंडवाना' हे नाव दिले. एडुआर्ट झ्यूस यांनी 1885 साली त्यावरून दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाला गोंडवानालँड म्हटले. ज्यांच्या मुलखाचा 'शोध लागला' असे आपण म्हणतो, त्या गोंडांचे नाव असे जगाच्या भूगोलात गेले.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. सहलीपूर्वी कामठीच्या वालुकाश्माचा तुकडा वर्गात आणावा आणि भिंगातून त्याचे कण मुलांना दाखवावेत. मग कठड्यापाशी 'कडा किती खोल?' हा प्रश्न वाटाड्यावर सोडावा. आपण विचारावे : यातला सर्वांत आधी साचलेला थर कोणता, आणि हे तुम्ही कशावरून सांगता? त्यानंतर वहीतल्या 'शोध लावला' या शब्दांपुढे काय लिहायचे, ते मुलांनाच ठरवू द्यावे.